कोर्दोबाची मेस्किता दोन तासांत उरकता येईल का?

मेस्किता म्हणजे स्पेनमधल्या कोर्दोबा शहरातली जुनी मशीद, जी पुढे चर्च झाली. उरकायचीच असेल तर जाऊ नका. सेव्हिलहून वेगवान गाडीने पाऊण तासात कोर्दोबा येतं, आत फेरी मारून दुपारच्या गाडीने परतताही येईल. पण ‘आत सगळीकडे त्याच लाल-पांढऱ्या कमानी आहेत’ असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, म्हणून हे उत्तर.

मी सिव्हिल इंजिनियर. आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून गेलो होतो. माझे साडू इंटिरियरची कामं करतात. आत शिरल्या शिरल्या म्हणाले, “सगळी सजावट आहे हो.” मी त्यांना एका खांबापाशी उभं केलं आणि वर बघायला लावलं. खालच्या कमानीवर भिंत आहे का? नाही. वर मोकळं आहे, म्हणजे छपराचं ओझं तिच्यावर नाहीच. कोर्दोबाचा अमीर पहिल्या अब्दुर रहमानने 785 च्या सुमारास काम काढलं तेव्हा रोमन आणि व्हिसिगॉथ (मुस्लिमांच्या आधी तिथे राज्य करणारे) लोकांच्या इमारतींचे जुने खांब वापरले. खांब आखूड आणि बारीक. एवढ्या विस्तीर्ण दालनाला त्या उंचीवर छप्पर टाकलं असतं तर आत जीव गुदमरला असता. मग खांबाच्या डोक्यावर दगडी खांब चढवला, त्यावर वरची कमान, तिच्यावर भिंत आणि भिंतीच्या माथ्यावर पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ. हा सगळा डोलारा कलंडू नये म्हणून खालची कमान दोन खांबांना एकमेकांशी बांधून ठेवते. लाल ती वीट, पांढरा तो दगड. साडू तरी म्हणाले, “पण दिसतंय ना छान, त्यासाठीच केलंय.” घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात हा वाद अजून निघतो.

मधोमध घुसवलेलं कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, मला सहन होत नाही. 1523 साली तिथल्या नगरपालिकेने ते काम करणाऱ्या कारागिरांना मृत्युदंडाची धमकी दिली होती, तरी स्पेनचा राजा पाचव्या चार्ल्सने परवानगी दिली. अर्थात 1236 पासून ही मशीदच चर्च म्हणून वापरात होती म्हणूनच इमारत टिकली, हेही खरं.

तर निदान अर्धा दिवस फक्त आतच द्या. रविवार टाळा, सकाळी प्रार्थना असते. ज्यू वस्तीतलं 1315 चं सिनेगॉग जवळच आहे, ते छोटं आहे, लवकर होतं.

आणि हो, कोर्दोबाचा कर्ताधर्ता वजीर अल्मन्सूरने दहाव्या शतकाच्या शेवटी पूर्वेला वाढवलेल्या भागात कमानींचे लाल पट्टे विटांचे नाहीत, दगडावर रंगवलेले आहेत. तेवढ्यापुरतं साडूंचं म्हणणं मला मान्य आहे. जुन्या भागाबद्दल नाही.