कमी पळालेली स्पोर्ट्स कार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २००७ची पोर्शे बॉक्स्टर बघून ठेवली आहे. २.७ लिटर, मॅन्युअल गिअर, ३१,००० किलोमीटर. एसी गार होत नाही, पण मालक म्हणतात, ‘गॅस भरला की झालं.’ मित्र म्हणतो, या गाड्यांच्या इंजिनातलं बेअरिंग जातं, नादी लागू नकोस. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मित्राचं थोडं ऐका, मालकांचं त्याहून कमी.

बेअरिंगचं आधी बघू. क्रँकशाफ्टची गती साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टकडे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याकडे, नेणारा एक मधला शाफ्ट या इंजिनात असतो. त्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाचं बॉल बेअरिंग सीलबंद असतं. वर्षं जातात तसं सील कडक होतं, आत ऑइल झिरपतं आणि मूळचं ग्रीस धुऊन नेतं. तेच ऑइल मग आत कोंडून राहतं, ताजं काही पोचत नाही. बेअरिंग फुटलं की कॅमचं टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. बदनामी झाली ती मुख्यतः २००५पर्यंतच्या छोट्या बेअरिंगमुळे. २००६ ते २००८च्या गाड्यांत मोठं बेअरिंग आहे. ते क्वचित जातं, मात्र इंजिन उघडल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. क्लचच्या कामासाठी गिअरबॉक्स खाली येईल तेव्हा या बेअरिंगचं बाहेरचं सील तेवढं काढून टाकायला सांगा, म्हणजे इंजिनचं ऑइल त्यावर उडत राहील. मागचं क्रँक ऑइल सीलही त्याच वेळी बदला; मजुरी एकदाच पडते. २००९च्या मॉडेलपासून नवं इंजिन आलं, त्यात हा शाफ्टच नाही. बजेट ताणता येत असेल तर ती गाडी शोधा.

सौदा करण्याआधी ऑइल फिल्टर उघडून त्याच्या घड्या पांढऱ्या कागदावर पसरा. चमकते कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर बेअरिंगचा संशय. न चिकटणारे बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, ते सिलिंडर किंवा पिस्टनकडून आलेले असू शकतात. मग स्पार्क प्लग काढून बोरस्कोपने, म्हणजे बारीक नळीच्या कॅमेऱ्याने, आत बघायचं. तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे म्हणजे साखळीचे गाइड झिजताहेत. अर्ध्या तासाचं काम आहे. मालक त्याला नाही म्हणाले तर पुढचं वाचायची गरज नाही.

आता ते ३१,००० किलोमीटर. निदान करणाऱ्या कॉम्प्युटरवर इंजिन किती तास चाललं तेही दिसतं. किलोमीटरला तासांनी भागा. १,०५० तास निघाले तर ताशी २९-३० चा हिशेब येतो, तो पटण्यासारखा आहे. २,६०० निघाले तर ताशी १२, म्हणजे फारच कमी. मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्यायला एवढं पुरे. आकडा खरा असला तरी हुरळून जाऊ नका. इतकी वर्षं जवळजवळ उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर, सील आणि टायर किलोमीटरवर नाही, वयावर जातात. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. या गाडीला १८ इंची चाकं असतील तर पुढे २३५/४०, मागे २६५/४० लागतात. चारही बदलायचे म्हटले तर खर्च लाखाच्या आसपास धरा.

एसीचं म्हणाल तर नुसत्या गॅसने बहुधा भागणार नाही. बंपरच्या दोन्ही बाजूंच्या तोंडांतून पालापाचोळा, कागद आत जातो आणि कंडेन्सरच्या, म्हणजे एसीचा गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीच्या, तळाशी साचतो. पावसाळाभर तो ओला राहतो आणि खालची कड कुजून बारीक छिद्रं पडतात. गॅस भराल तर काही आठवड्यांत परत तेच. आधी नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करून घ्या. कंडेन्सर बदलताना बंपर निघालेलाच असतो, तेव्हा कंडेन्सरमागचे रेडिएटरही ब्रशने साफ करून घ्या आणि तोंडांवर बारीक जाळी बसवा.

कुलंटचा पंप ओला दिसला किंवा त्याची पुली हलत असली तर थर्मोस्टॅटसकट बदला. काही गॅरेजवाले ‘धातूच्या पंख्याचा टाका, कायमचा’ म्हणतात. आमचं मत उलट आहे. पंपाचं बेअरिंग ढिलं झालं की धातूचा पंखा इंजिनचीच भिंत कोरतो. प्लॅस्टिकचाच टाका आणि वेळेवर बदला. इंजिन ऑइल आठ लिटरच्या आसपास लागतं. गाडी पळो न पळो, वर्षातून एकदा बदलाच.

कागदपत्रांत आरसीची मुदत बघा. १५ वर्षांची नोंदणी २०२२मध्ये संपली असणार. आयात गाडीच्या नूतनीकरणाची फी ४०,००० रुपये आहे आणि २० वर्षांनंतर ८०,०००. पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरण मालकाकडून करून घ्या, मग पैसे द्या.

प्रश्न : इंग्लंडमध्ये २००४ची माझदा एमएक्स-५ स्वस्तात मिळते आहे. इंजिन उत्तम. काय बघू?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : इंजिन राहू दे, खाली वाका. या गाड्या गंजाने मरतात. मागच्या चाकासमोरचं सिल (दाराखालची पत्र्याची पोकळ पट्टी) आणि पुढचे चासी-रेल (गाडीखालच्या लांब तुळया) टॉर्च घेऊन बघा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज यायला हवा. ‘बद’ असा आला तर आत गंज आहे, वर ताजा काळा रंग असला तर हमखास. सीटबेल्ट, सस्पेन्शन यांच्या जोडांपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजला असेल तर एमओटीत, म्हणजे तिकडच्या वार्षिक वाहन तपासणीत, गाडी नापास होते आणि तिथे पुट्टी चालत नाही, सलग वेल्डिंगच लागतं. जुन्या एमओटीचे शेरे सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून फुकट वाचता येतात. ‘सिलवर गंज’ हा शेरा वर्षानुवर्षं येतो आहे का, ते बघा.

गंजाचं मूळ कापडी टपाच्या पन्हळीत असतं. सीटमागे दोन्ही बाजूंना निचऱ्याच्या नळ्या आहेत. त्या तुंबल्या की पाणी सिलमध्ये आणि गालिच्याखाली उतरतं. बाटलीने हळूहळू लिटरभर पाणी ओता. मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली ते पडलं पाहिजे. नाही पडलं तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी आत सारा. लोखंडी तार घालू नका, नळीला भोक पडेल. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना बदलतात, त्याची पावती मागा.

प्रश्न : पावसाळाभर बॉक्स्टर (२००८) झाकून ठेवली. बॅटरी मेली आणि बॅटरी असलेली पुढची डिकीच उघडत नाही!
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डिकीचं कुलूप विजेवर चालतं, म्हणून हा पेच. डावीकडच्या पायाजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये बाहेर ओढता येणारं प्लस टर्मिनल आहे. दुसऱ्या बॅटरीचं प्लस त्याला जोडा, मायनस दाराच्या कुलपाच्या उघड्या धातूच्या आकड्याला, आणि डिकीचं बटण दाबा. चोरीचा भोंगा वाजेल. किल्लीने बंद होतो. या तारेवरून गाडी सुरू करायला जाऊ नका, ती तेवढा करंट पेलत नाही. डिकी उघडली की बॅटरी काढून सावकाश चार्ज करा. पुढच्या जूनपासून कव्हरखाली मेंटेनर चार्जर (बॅटरी सतत भरलेली ठेवणारा) लावून ठेवा आणि टायरमध्ये हवा तीन-चार पीएसआय जास्त भरा, नाहीतर ऑक्टोबरात चाकं चपटी होऊन थरथरतील.