येशू हवा, पण चर्च आणि परंपरा नको. असं ख्रिस्ती राहता येतं का?

तुमचा प्रश्न बराच मोठा आहे, त्यातलं मुख्य असं. तुम्ही बार्देशातल्या कॅथलिक घरात वाढलात, लग्न होऊन डिचोलीला आलात, नवरा हिंदू. येशूवर श्रद्धा आहे, पण मीस (चर्चमधली मुख्य उपासना), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), फेस्त (चर्चचा सण), कॉन्फ्रारी (चर्चचा बांधव-संघ) हे सगळं ‘आमची परंपरा’ म्हणून का ओढायचं ते कळत नाही. घरी बायबल वाचून प्रार्थना केली तर पुरत नाही का? आणि मुलीच्या बाप्तिस्म्यासाठी पुन्हा चर्चची पायरी चढायची का?

घरची प्रार्थना पुरते, काही काळ. त्या ‘काही काळ’बद्दलच मला बोलायचं आहे.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी मूळचा नगरचा, अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनच्या वळणाच्या घरातला. आमच्याकडे मूर्ती नाही, जपमाळ नाही. पेटी-तबला, झांजा आणि नारायण वामन टिळकांची भजनं. नोकरीपायी गोव्यात आलो आणि इथलाच झालो. सासुरवाडी सासष्टीतली, कॅथलिक. त्यामुळे दोन्ही बाजूंचे टोमणे गेली कित्येक वर्षं खातोय: इकडचे म्हणतात तुम्हाला परंपरा नाही, तिकडचे म्हणतात यांना परंपरेशिवाय काही नाही.

दोन्ही बोलणी अर्धवट आहेत. आमच्या नगरकडच्या मंडळींच्या पणजोबांना बिशप हा शब्दच खपत नसे. पण १९७० साली नागपुरात सहा वेगवेगळे पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि त्यांचीच पणतवंडं आज बिशपसमोर डोकं वाकवून आशीर्वाद घेतात. आणि तुमच्या आजीने लहानपणी ऐकलेली मीस लॅटिनमध्ये होती. पाद्री वेदीकडे तोंड करून उभा, मागे बायका आपापली रोजारी (जपमाळ) पुटपुटत बसलेल्या. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली, त्यानंतर मीस कोकणीत आली. म्हणजे तुमची आई ज्याला ‘पूर्वापार’ म्हणते ते बरंचसं तिच्याच पिढीत सुरू झालेलं आहे. जुनं म्हणून पाळा किंवा जुनं म्हणून टाका, दोन्ही सांगणाऱ्याला आधी विचारावं: किती जुनं?

रोस या लग्नाआधीच्या विधीचंच घ्या. लग्नाच्या आदल्या दिवशी नारळाचा दाट रस काढतात. मावश्या, काकी, मामी एकेक करून पुढे येतात, वाटीत बोटं बुडवून नवरीच्या डोक्याला, गालांना, हातापायांना रस चोळतात. पहिल्या चार-पाच जणी सावकाश, पुटपुटत आशीर्वाद देत. मग चुलतभावंडांची पाळी येते आणि चोळण्याचं ओतणं होतं, कोणीतरी अंडं फोडतं, कोणी बिअरची बाटली उपडी करतं. माझ्या लग्नात मी म्हटलं, ‘ही तर हळदच!’ सासूबाई म्हणाल्या, ‘हळद तुमची, रोस आमचा क्रिस्तांवांचा.’ आता गंमत बघा. १७३६ साली गोव्यातल्या इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) एक लांबलचक आज्ञापत्र काढून नवख्रिस्त्यांना लग्नात नवरा-नवरीला हळद आणि नारळाचं तेल लावायला, तशा कितीतरी चालीरीती पाळायला मनाई केली होती. अधिकारी चर्चने ज्या प्रकाराला धर्मबाह्य ठरवलं, त्याच्याच नात्यातला रोस आज गोव्यातल्या कॅथलिक लग्नाची ओळख आहे. तो टिकवला कोणी? मागच्या अंगणात बसून नारळ खवणाऱ्या बायांनी. तेव्हा ‘चर्चने लादलेली परंपरा’ असं तुम्ही सरसकट लिहिलंय ते मला पटत नाही. लादलेलंही आहे, आणि लादणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून जपलेलंही आहे.

भाषेचंही तसंच. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं, मराठी ओव्यांत, दहा हजारांहून जास्त ओव्या. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. एकाच शतकात एकाच धर्माच्या नावाने दोन उलटी कामं. यातली परंपरा कोणती आणि परंपरेवरचा घाला कोणता, हे प्रत्येक पिढीला बसून ठरवावंच लागतं.

बायबलमध्येही हा झगडा आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परुश्यांना (कर्मठ यहुदी धर्मपुढाऱ्यांना) झापतो: आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून तुम्ही त्यांना वाऱ्यावर सोडता आणि परंपरेच्या नावाखाली देवाची आज्ञा मोडता. पण पौल करिंथकरांना लिहितो की जे मला मिळालं तेच मी तुमच्या हाती दिलं, आणि लगेच प्रभुभोजनाची (येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची) हकिकत सांगतो. हे तो कुठल्या प्रसंगी सांगतोय ते बघा. करिंथमध्ये लोक एकत्र जेवायला जमत. ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन-पिऊन तर्र होत, गरीब उपाशी राहत. त्यावर पौल भडकतो. प्रभुभोजनाचा आपल्याकडचा सर्वांत जुना लिखित उल्लेख शुभवर्तमानांतला नाही, तो या पत्रातला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्याला आपण सगळ्यात पवित्र परंपरा म्हणतो, तिची पहिली नोंद एका खरडपट्टीत आहे, आणि खरडपट्टी पंगतीत केलेल्या भेदाबद्दल आहे.

म्हणून कॉन्फ्रारीबद्दलची तुमची चीड मला योग्य वाटते. बाहेरच्या वाचकांसाठी: कॉन्फ्रारी म्हणजे चर्चशी जोडलेला बांधव-संघ. मिरवणुकीत अंगावर ओपमूस (कॉन्फ्रारीचा खास झगा) घालून, हातात मेणबत्त्या घेऊन चालणारे ते. गोव्यात काही ठिकाणी ही कॉन्फ्रारी जातीवर बेतलेली होती. बामण, चारडो, सुदीर ही नावं बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेली नाहीत. कोणी फेस्त करायचं, कोणी पालखीला खांदा द्यायचा, कोणी नुसतं बघायचं, हे जन्मावर ठरायचं. अजून काही गावांत त्यावरून फेस्ताच्या तोंडावर कुरबुर होते. तुम्ही लिहिलंय की तुमच्या वडिलांना यातल्या एका कामासाठी कधीच बोलावलं नाही. याला परंपरा म्हणणाऱ्याला याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचून दाखवा: सोन्याची अंगठीवाला आला की चांगली जागा, फाटक्या कपड्यांतला आला की ‘तू तिथे उभा राहा’. ही प्रथा मोडली तर श्रद्धेचं काही जात नाही. मोडायला मात्र आत असावं लागतं. बाहेर उभं राहून टीका करणाऱ्याचं कॉन्फ्रारीत कोणी ऐकत नाही, हेही तितकंच खरं.

आता चर्चकडे येऊ. इमारतीशिवाय चर्च असतं का? याचं उत्तर गोव्याच्या माणसाने पुस्तक उघडण्याची गरज नाही, बाणावलीकडे बघावं. संत जुझे वाझ तिथे १६५१ साली जन्मले. त्या काळात श्रीलंकेतून डचांनी पोर्तुगिजांना हाकललं, कॅथलिक पाद्रींना बंदी घातली, चर्चं हिसकावली. तिथल्या कॅथलिकांना जवळजवळ तीस वर्षं ना पाद्री, ना मीस, ना देऊळ. वाझ १६८७ साली मजुराच्या वेषात जाफन्याला पोचले. डचांच्या राज्यात कोण कॅथलिक हे विचारणार कसं? विचारलं तर दोघांचाही जीव धोक्यात. म्हणून ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरले. माळ बघून कोणाचा चेहरा बदलतो, कोण पुन्हा घरात बोलावतं, यावरून त्यांनी माणसं हुडकली. मग रात्री घराघरांत मीस. पुढे कँडीत हेर समजून कैद झाली, तिथे देवीची साथ आली तेव्हा त्यांनी टाकून दिलेल्या आजाऱ्यांची सेवा केली. १७११ साली तिथेच वारले, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली कोलंबोत त्यांना संत म्हणून घोषित केलं.

ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे आणि तुमच्या विरुद्धही. इमारत नव्हती, पाद्री नव्हता, तरी ते लोक ख्रिस्ती राहिले. हे तुमच्या बाजूचं. पण ते एकेकटे घरात बसून बायबल वाचत राहिले नाहीत. तीस वर्षं एकमेकांना धरून होते, मुलांना प्रार्थना शिकवत होते. आणि परक्या माणसाला त्यांची ओळख पटली ती कशावरून? तुम्हाला निरर्थक वाटणाऱ्या जपमाळेवरून. (मी जपमाळ न ओढणाऱ्या घरातला आहे, तरी हे लिहिताना हात आखडत नाही.)

मराठीतही चर्चशी भांडलेले थोर लोक आहेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि दोनच वर्षांत त्या सिस्टर जेराल्डिन या इंग्लिश जोगिणीला ठणकावून लिहीत होत्या की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, आता दुसरं तसलंच जोखड मानेवर घेणार नाही. पण पुढे केलं काय? केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या, टाकलेल्या शेकडो बायकामुलींचं. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही ख्रिस्तभक्त चालत. तुमच्या घरासारख्या घराला तो दरबार किती सोयीचा झाला असता! १९१९ साली टिळक गेले आणि दरबारही फार टिकला नाही. भजनं टिकली, कारण ती दर रविवारी म्हणणारी माणसं होती. चर्चवर रागावलेल्या या दोघांनीही लगेच दुसरी माणसं गोळा केली, एकट्याने श्रद्धा सांभाळायचा विचार त्यांच्या मनातही आला नसावा.

गोव्यात आजकाल कॅथलिक घरातला मुलगा चर्च सोडतो आणि ‘बिलिव्हर’ होतो. तो सांगतो, आमच्यात परंपरा नाही, फक्त वचन. मी त्यांच्या सभांना गेलोय. मनापासून गातात, आजाऱ्यासाठी तासन्‌तास प्रार्थना करतात, दारू सुटलेले कितीतरी भेटतात. पण गिटार कधी हळू वाजणार, हात कधी वर जाणार, साक्ष कोणत्या शब्दांनी सुरू होणार, हे मला दुसऱ्या खेपेलाच सांगता यायला लागलं. त्यालाही परंपराच म्हणायचं, फक्त तिचं वय कमी.

चर्च म्हणजे काय हे मला कुठे कळलं म्हणाल, तर सासूबाईंच्या वाड्यावरच्या खुरसाजवळच्या (क्रुसाजवळच्या) लदिनीत, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायच्या प्रार्थनेत. खुरीस चुन्याने रंगवलेला, झेंडूचा हार, मेणबत्त्या वाऱ्याने विझतायत आणि एक पोरगा त्या परत पेटवत बसलाय. व्हायोलिनवाला म्हातारा सूर लावतो. लॅटिनचं अक्षर न शिकलेल्या बायका ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी प्रार्थना कर) असं ठेक्यात म्हणतात. शेवटी उकडलेले चणे, खोबऱ्याच्या कातळ्या, मोठ्यांना फेणीचा घोट. पोरं चण्यांसाठीच आलेली असतात, ते सगळ्यांना माहीत असतं. तिथे एकमेकांशी बांधावरून कोर्टात भांडणारे दोन शेजारी एकाच वहीतून लदिन म्हणताना मी पाहिलेत. त्यांनी एकमेकांकडे बघितलं नाही, पण कोणी उठूनही गेला नाही. घरी बसून मी एकटा बायबल वाचतो तेव्हा मला न आवडणारा माणूस माझ्या शेजारी कधीच बसत नाही. येशूची अर्ध्याहून जास्त शिकवण त्याच माणसाबद्दल आहे, ती घरात एकट्याने कशी पाळायची?

म्हणून माझा सल्ला असा. मीस जमत नसेल तर सध्या ती सोडा, नोव्हेनाही. पण तुमच्या वाड्यावरची लहान ख्रिस्ती समुदायाची बैठक असते, तिथे जाऊन बघा. गोव्याच्या धर्मप्रांताने हे गट वाड्यावाड्यांत चालवले आहेत. दहा-बारा घरं, एक बायबलचा उतारा, मग कोणाची आई आजारी, कोणाची नोकरी गेली, हे बोलणं. डिचोलीत ख्रिस्ती घरं तुमच्या माहेरइतकी नाहीत, तेव्हा एक नवं माणूसही तिथे उठून दिसेल. नवऱ्यालाही न्या, कोणी हाकलणार नाही. बार्देशातल्या म्हापशाची मिलाग्रिस सायबीण (मरियामाता) आणि डिचोलीतल्या शिरगावची देवी लईराई बहिणी, असं दोन्हीकडचे लोक मानतात. तुमचं माहेर-सासर त्या नात्याने आधीच सोयरं आहे.

मुलीच्या बाप्तिस्म्याचं: घ्या, पण फेस्त आणि फोटोसाठी नको. विगाराला (चर्चच्या मुख्य पाद्रीला) आधी भेटा, नवरा हिंदू आहे हे स्पष्ट सांगा आणि कॉन्फ्रारीचा राग आहे तोही सांगा, त्यांनी हे याआधी ऐकलेलं असतं. धर्ममाता (गॉडमदर) निवडताना दुबईहून सोन्याची साखळी पाठवणारी आतेबहीण नको. मुलगी चौदाची होऊन तुमच्याशी बोलेनाशी झाली की जिच्या घरी रागाने जाऊन राहील, आणि जी तुम्हाला फोन करून ‘इथे आहे, जेवली’ एवढं कळवेल, अशी बाई बघा.