मेलचा प्रोग्रॅम रखडतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न

संगणकावर बाकी सगळं नीट चालतं, फक्त मेल उघडताना, शोधताना किंवा पाठवताना वाट बघावी लागते, अशा आशयाचे प्रश्न बरेच आले आहेत. बहुतेकांकडे थंडरबर्ड किंवा जुनं, म्हणजे क्लासिक आउटलुक आहे. उत्तरांकडे वळण्याआधी सगळ्यांनीच एक तपासणी करावी. प्रोग्रॅम अडकलेला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा रकाना शंभर टक्क्यांच्या आसपास असेल तर दोष मेलच्या फाइलींत किंवा डिस्कमध्ये आहे. सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा चढलेला असेल तर बहुधा इंडेक्स, म्हणजे मेल शोधण्यासाठीची सूची, तयार होत असतो, नाहीतर अँटिव्हायरस काम करत असतो. दोन्ही शांत असूनही मेल येत नसेल तर प्रोग्रॅम सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबला आहे. हे न बघता सेटिंग बदलत सुटलं की मूळ दोष राहतो बाजूला आणि नवे दोन तयार होतात.

प्रश्न : थंडरबर्ड २०११पासून वापरतो आहे. पॉप खातं आहे, म्हणजे मेल सर्व्हरवरून माझ्या संगणकावर उतरतात. इनबॉक्समध्ये चाळीस हजारांवर मेल होते, त्यातले निम्मे डिलीट केले, कचरापेटीही रिकामी केली. तरी इनबॉक्सची फाइल ६ जीबीचीच आहे आणि वेगही तोच. असं कसं?

उत्तर : थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक लिहितो. या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. तुम्ही मेल डिलीट केला की तो मजकूर फाइलमधून निघत नाही, त्यावर फक्त ‘खोडला’ अशी खूण होते. वहीतली ओळ खोडली म्हणून वहीची पानं कमी होत नाहीत, तसंच हे. मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला तरी जुन्या फाइलमध्ये तो खोडलेल्या रूपात राहतोच. तुमच्या ६ जीबीतला मोठा भाग असा खोडलेला असणार.

खोडलेला मजकूर खरोखर काढून टाकण्याच्या क्रियेचं नाव ‘कॉम्पॅक्ट’. ती करताना थंडरबर्ड राखायचे मेल एका नव्या फाइलमध्ये उतरवतो आणि मग जुनी फाइल टाकून देतो. म्हणजे काही वेळ दोन्ही फाइली डिस्कवर असतात. तुमच्या बाबतीत किमान ७-८ जीबी मोकळी जागा हवी. जागा कमी पडली किंवा मध्येच संगणक बंद केला तर काम अर्धवट राहतं आणि ‘एनएसटीएमपी’ नावाच्या तात्पुरत्या फाइली मागे राहू शकतात.

आधी प्रत घ्या. तुमचं खातं पॉपचं असल्यामुळे या मेलची एकुलती एक प्रत तुमच्याच डिस्कवर असण्याची शक्यता आहे. ऑल्ट दाबून मेनू आणा, ‘हेल्प’मध्ये ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा आणि ‘प्रोफाइल फोल्डर’समोरच्या बटणाने तो, म्हणजे तुमचे मेल आणि सेटिंग असलेला, फोल्डर उघडा. आता थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. इथे अनेकांची गाडी अडते: पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, मग पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस असायला हवा.

त्यानंतर इनबॉक्सवर उजवं क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ द्या आणि संपेपर्यंत मेल वाचू नका, पाठवू नका. फाइल लहान झाली की उरलेले मेल वर्षावार फोल्डरमध्ये हलवा. एका वेळी हजार-दोन हजारच हलवा आणि शेवटी पुन्हा एकदा कॉम्पॅक्ट करा. इनबॉक्स हा येण्याजाण्याचा रस्ता आहे, कोठार नव्हे; प्रत्येक नवा मेल त्याच फाइलच्या शेवटी लिहिला जातो, म्हणून तीच फाइल लहान ठेवणं सगळ्यांत फायद्याचं. पुढच्यासाठी सेटिंगमधल्या ‘जनरल’ पानावर ‘नेटवर्क अँड डिस्क स्पेस’खाली, ठरावीक एमबी वाचणार असतील तेव्हा कॉम्पॅक्ट करण्याचा पर्याय असतो. त्यावर टिक आहे ना, हे बघा.

एवढं करूनही यादी कोरी दिसली किंवा न वाचलेल्या मेलचा आकडा चुकीचा आला तर घाबरू नका. मेलच्या फाइलशेजारी एमएसएफ नावाची छोटी सूची-फाइल असते, ती बिघडलेली असते. फोल्डरवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘रिपेअर फोल्डर’ केलं की ती नव्याने बनते. आयमॅप खात्यात, म्हणजे जिथे मेल सर्व्हरवरच राहतात तिथे, हेच बटण दाबलं तर त्या फोल्डरचे मेल सर्व्हरवरून पुन्हा उतरू लागतात, म्हणून मोजक्या डेटावर असताना दाबू नका.

प्रश्न : जीमेलच्या वेबसाइटवर माझे मेल ९ जीबी दिसतात. थंडरबर्डने मात्र १७ जीबी जागा घेतली आहे आणि नवं मशीन, एसएसडी (वेगवान डिस्क) असूनही दोन दिवस पंखा जोरात फिरतो आहे.

उत्तर : जीमेलमध्ये खरे फोल्डर नसतात, लेबलं असतात. एकाच मेलला तीन लेबलं असली तरी जीमेलकडे तो एकच असतो. आयमॅपने जोडलेल्या प्रोग्रॅमला मात्र प्रत्येक लेबल वेगळा फोल्डर म्हणून दिसतं. इनबॉक्समधला प्रत्येक मेल ‘ऑल मेल’मध्येही असतो, कधी ‘इम्पॉर्टंट’मध्येही, आणि थंडरबर्ड ते सगळं स्वतंत्रपणे उतरवतो.

जीमेलच्या वेब सेटिंगमध्ये ‘लेबल्स’ पानावर प्रत्येक लेबलासमोर ‘शो इन आयमॅप’ असा चौकोन आहे. ‘इम्पॉर्टंट’ची टिक बिनधास्त काढा. ‘ऑल मेल’ची काढताना विचार करा: तुम्ही मेल ‘अर्काइव्ह’ करत असाल तर ते कुठलंच लेबल नसलेले मेल फक्त ‘ऑल मेल’मध्येच असतात आणि टिक काढल्यावर थंडरबर्डमध्ये दिसणार नाहीत. जीमेलवर ते सुरक्षितच राहतात. अशा वेळी ‘ऑल मेल’ दिसू द्या, पण डिस्कवर उतरवू नका. त्यासाठी थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंगमध्ये ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’, तिथे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, आणि त्या यादीत ‘ऑल मेल’समोरची खूण काढा.

त्याच पानावर ठरावीक दिवसांपुरतेच मेल उतरवण्याचा पर्याय आहे. बहुतेक घरांना एक वर्ष पुष्कळ झालं. जुने मेल सर्व्हरवर राहतात. पण त्याच्याच जवळ अमुक दिवसांपेक्षा जुने मेल डिलीट करण्याचाही पर्याय आहे. तो निवडला तर मेल सर्व्हरवरूनसुद्धा कायमचे जातात. जागा वाचवण्याच्या घाईत या दोन पर्यायांची गल्लत होते आणि वर्षांचा पत्रव्यवहार एका क्लिकमध्ये संपतो. दोनदा वाचून मगच निवडा.

पंख्याचं कारण म्हणजे थंडरबर्ड उतरवलेल्या प्रत्येक मेलचा शोधासाठी इंडेक्स बनवतो. ‘टूल्स’मधल्या ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजर’मध्ये ते काम चालू असलेलं दिसेल. ‘ऑल मेल’ आवरल्यावर संगणक एक रात्र चालू ठेवा, झोपू देऊ नका. त्यानंतरही काम संपेना तर थंडरबर्ड बंद करून प्रोफाइल फोल्डरमधली ‘ग्लोबल मेसेजेस डीबी’ नावाची एसक्यूलाइट फाइल डिलीट करा. ती फक्त इंडेक्सची आहे, मेल त्यात नसतात. पुढच्या वेळी नव्याने बनते.

प्रश्न : सोसायटीची सचिव आहे. वार्षिक सभेची सूचना आणि हिशेब मिळून १८ एमबीची पीडीएफ साठ सभासदांना जीमेल खात्यातून थंडरबर्डने पाठवते. पाठवायला पाच मिनिटं लागतात आणि शेवटी ‘सेंट फोल्डरमध्ये कॉपी करत आहे’ इथे अडकतं.

उत्तर : मेलमध्ये जोडलेली फाइल जशीच्या तशी जात नाही. ती साध्या अक्षरांत रूपांतरित होते आणि त्यात सुमारे ३७ टक्क्यांनी फुगते. तुमचे १८ एमबी वाटेत साधारण २४.६ एमबी होतात. जीमेलची मर्यादा २५ एमबीची, म्हणजे तुम्ही काठावरच आहात.

आता वेळेचा हिशेब. २४.६ एमबी म्हणजे जवळपास १९७ मेगाबिट. डाउनलोडचा वेग कितीही असो, इथे अपलोडचा लागतो. तो प्रत्यक्षात २ एमबीपीएस मिळत असेल तर शंभर सेकंद गेले. मग थंडरबर्ड तोच मेल ‘सेंट’मध्ये ठेवायला पुन्हा अख्खा चढवतो, आणखी शंभर सेकंद. ही दुसरी फेरी अनावश्यक आहे, कारण जीमेल आपल्या सर्व्हरवरून गेलेल्या मेलची प्रत ‘सेंट’मध्ये स्वतःच ठेवतं. अकाउंट सेटिंगमध्ये ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ उघडून प्रत ठेवण्याची पहिली टिक काढा. हे जीमेलपुरतंच, तुमच्या मेलसेवेचा सर्व्हर प्रत ठेवत नसेल आणि टिक काढली तर पाठवलेल्या मेलची नोंदच राहणार नाही. आधी स्वतःलाच एक मेल पाठवून बघा.

दुसरा उपाय स्कॅनिंगच्या वेळचा. छापील हिशेबाला रंगीत ३०० डीपीआय लागत नाही. १५० डीपीआय, ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा. आकडे स्वच्छ वाचता येतात आणि फाइल कित्येक पटींनी लहान होते. साठही पत्ते ‘बीसीसी’त टाकून एकच मेल पाठवा. फाइल तुमच्याकडून एकदाच चढते, वाटप सर्व्हर करतो, आणि सभासदांचे पत्ते एकमेकांना दिसत नाहीत.

प्रश्न : क्लासिक आउटलुक, पॉप खातं, ७ जीबीची पीएसटी, म्हणजे आउटलुकचे मेल साठवणारी, फाइल. नवा लॅपटॉप घेतल्यापासून आउटलुक मध्येच गोठतं आणि ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. जुन्या मशीनवर असं होत नव्हतं.

उत्तर : फाइल कुठे आहे ते आधी बघा. ‘फाइल’, ‘अकाउंट सेटिंग्ज’, ‘डेटा फाइल्स’मध्ये जाऊन ‘ओपन फाइल लोकेशन’ दाबा. पत्त्यात वनड्राइव्ह हा शब्द दिसला तर कारण सापडलं. पॉप खात्याची पीएसटी एरवी डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये असते, आणि नवं विंडोज सुरू करताना बॅकअपला ‘हो’ म्हटलं की अख्खा डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हमध्ये जातो. आउटलुक चालू असेपर्यंत पीएसटी सतत उघडी आणि बदलती असते; वनड्राइव्ह तिला पुन्हा पुन्हा चढवू बघतो. त्यातून फुकटच्या वनड्राइव्हची जागा ५ जीबी, तुमची फाइल ७ जीबीची. पीएसटी वनड्राइव्हमधून बाहेर काढावी, असं मायक्रोसॉफ्टही सांगतं.

आउटलुक बंद करा. वनड्राइव्हच्या ढगावर क्लिक करून सिंक दोन तास थांबवा. फाइलवर हिरवी खूण आहे का, म्हणजे ती पूर्ण उतरलेली आहे का, ते बघा. नुसता ढग असेल तर आधी उतरवून घ्या. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. मग सी ड्राइव्हवर तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये ‘मेल’ असा नवा फोल्डर करून फाइल तिथे हलवा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स टाळा, कारण तेच बॅकअपला जातात. आउटलुक उघडल्यावर फाइल सापडत नाही असं सांगेल. ‘ओके’ करून नवी जागा दाखवा. सगळे मेल दिसल्यावरच सिंक पुन्हा सुरू करा. यापुढे या फाइलची प्रत तुम्हालाच ठेवायची आहे: आठवड्यातून एकदा, आउटलुक बंद करून.

पत्त्यात वनड्राइव्ह नसेल तर कंट्रोलचं बटण दाबून ठेवून आउटलुकच्या चिन्हावर क्लिक करा, ते सेफ मोडमध्ये उघडू का असं विचारेल. तिथे वेग आला तर दोष आउटलुकला जोडलेल्या जादा प्रोग्रॅमचा, म्हणजे अ‍ॅड-इनचा. ‘ऑप्शन्स’मधल्या ‘अ‍ॅड-इन्स’मध्ये ‘कॉम अ‍ॅड-इन्स’ची यादी उघडून सगळ्या टिका काढा आणि एकेक परत लावत जा. ७ जीबी हा आकार स्वतःहून घातक नाही. आउटलुक २०१०पासून मर्यादा ५० जीबीची आहे. आउटलुक अचानक बंद पडत असेल, तरच ऑफिसच्या फोल्डरमधलं स्कॅनपीएसटी हे पीएसटी दुरुस्त करणारं साधन चालवा. चुका उरल्या नाहीत असं येईपर्यंत ते दोन-तीनदा चालवावं लागतं.

प्रश्न : अँटिव्हायरस बंद केला की थंडरबर्ड पळतो. बंदच ठेवू का?

उत्तर : नाही. त्याच्या सेटिंगमधली येणारे-जाणारे मेल तपासण्याची सोय तेवढी बंद करा आणि थंडरबर्डचा प्रोफाइल फोल्डर तपासणीतून वगळा. अटॅचमेंट उघडताना ती तात्पुरत्या फाइलीच्या रूपात डिस्कवर येते आणि तेव्हा तपासली जातेच. वगळण्याचं आणखी महत्त्वाचं कारण आहे. सगळा इनबॉक्स एकच फाइल असल्यामुळे त्यातल्या एका वाईट मेलपायी अँटिव्हायरस पूर्ण फाइलच उचलून बाजूला ठेवू शकतो.

प्रश्न : टास्क मॅनेजर शांत असतो, पण थंडरबर्ड सर्व्हरला जोडायला अर्धा मिनिट घेतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लगेच जोडतो.

उत्तर : मग दोष घरच्या राउटरच्या बाजूला आहे. बऱ्याचदा आयपीव्ही६ची, म्हणजे इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीची, जोडणी अर्धवट चालते; प्रोग्रॅम आधी तिच्यावरून प्रयत्न करतो, थकतो आणि मग जुन्या वाटेने जातो. राउटर बंद-चालू करून बघा. फरक नसेल तर सेटिंगच्या ‘जनरल’ पानाच्या तळाशी ‘कॉन्फिग एडिटर’ उघडून ‘डिसेबल आयपीव्ही६’ हे शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता शोधा. डीएनएसचं नाव असलेली ओळ ‘ट्रू’ करा. तरीही तसंच असेल तर ती पुन्हा ‘फॉल्स’ करून ठेवा. शिवाय थंडरबर्ड प्रत्येक खात्यामागे ५ जोडण्या उघडू शकतो आणि जीमेल एकूण १५च देतं. फोन, टॅब आणि दोन संगणक एकाच खात्यावर असतील तर सर्व्हर सेटिंगच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये हा आकडा २ करा.

प्रश्न : विंडोज १०चं मेल अ‍ॅप नीट चालत नाही.

उत्तर : त्यावर वेळ घालवू नका. मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी त्या अ‍ॅपचा आधार काढून घेतला. आयमॅप खात्याचे मेल सर्व्हरवर असतात. थंडरबर्ड किंवा नव्या आउटलुकमध्ये खातं जोडलं की ते दिसतील.

प्रश्न : दहा वर्षांचा संगणक, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. डिस्कचा रकाना कायम १०० टक्के. रॅम वाढवू की एसएसडी घेऊ?

उत्तर : आधी एसएसडी. मेलचा प्रोग्रॅम हजारो छोटे तुकडे डिस्कच्या वेगवेगळ्या जागांवरून वाचतो. फिरत्या डिस्कचं डोकं प्रत्येक तुकड्यासाठी सरकतं आणि सेकंदाला शंभराच्या आसपासच तुकडे वाचू शकतं. एसएसडीत सरकणारं काही नसतं. २.५ इंची, साटा जोडणीची २५६ जीबीची एसएसडी तुमच्या संगणकात बसेल. रॅम नंतर ८ जीबी करा.

पण डिस्क हळू आहे की मरायला टेकली आहे, हे आजच बघा. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत ‘गुड’ असेल तर सवडीने बदला. ‘कॉशन’ दिसलं किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कॉम्पॅक्ट, रिपेअर यांतलं काहीही करू नका. प्रत्येक मोठं वाचन-लेखन तिच्यावर ताण आणतं. प्रथम मेलचा प्रोफाइल फोल्डर किंवा पीएसटी बाहेर कॉपी करा, मग फोटो आणि कागदपत्रं, आणि त्यानंतर संगणक नवी डिस्क येईपर्यंत बंद ठेवा.