मेनूकार्डावर फोटो किती आणि कुणाचे?

प्रश्न : वेरूळ रस्त्यावर आमचं छोटं हॉटेल आहे. पिठलं-भाकरी, धपाटे, येसर आमटी, नान खलिया आणि पनीरच्या भाज्या मिळतात. कार्ड छापणारा म्हणतो, प्रत्येक पदार्थाचा फोटो टाकू, फोटो नेटवरून घेतो. ऐकावं का? (एक वाचक, खुलताबाद)

उत्तर : फोटो टाका, पण सरसकट नको आणि नेटवरचा तर एकही नको. लेणी बघून येणाऱ्या परप्रांतातल्या गिऱ्हाइकाला धपाटं काय असतं किंवा खलिया म्हणजे मटणाचा रस्सा, हे नावावरून कळत नाही. तिथं फोटो कामाला येतो. पनीर मसाला, कढाई पनीर आणि पनीर टिक्का मसाला यांचे फोटो शेजारी-शेजारी लावले तर तुमच्या आचाऱ्यालाही ओळखू यायचे नाहीत. येसर आमटी फोटोत काळपट दिसते. तिचा फोटो नको, नावाखाली दोन ओळी लिहा. एकूण चार-सहा फोटो पुरेत.

नेटवरचा फोटो दुसऱ्याच्या मालकीचा असतो. शिवाय त्यात मटणाच्या पाच फोडी आणि तुमच्या वाटीत तीन, म्हणजे काउंटरवर रोजची कटकट. तुमचंच ताट, तुमचीच वाटी, गिऱ्हाइकाला जाते तेवढीच वाढणी.

फोटो सकाळी खिडकीपाशी काढा, ट्यूबलाइट बंद ठेवून. दोन उजेड मिसळले की भाकरी एकीकडून निळसर, दुसरीकडून पिवळट येते. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, सावली मऊ होते. ताट सरळ वरून, वाटी 45 अंशांतून. मोबाइल फार जवळ नेला तर ताट वेडंवाकडं दिसतं. मागे सरकून 2 पट झूम करा. रिकाम्या वाटीवर सगळं जमवून घ्या, मग गरम रस्सा ओता आणि दोन-तीन मिनिटांत उरका. गार झाला की तर्री थिजते, वर साय धरते.

प्रश्न : मोबाइलवर लालभडक दिसणारा रस्सा कार्डावर विटकरी का येतो? (एक वाचक, जालना)

उत्तर : पडद्यावरचा रंग उजेडाचा, छपाईतला चार शाईंचा; तेवढा भडक लाल त्या शाईंना जमत नाही. त्याच कागदावर आधी एक नमुना काढून घ्या. 3 इंच रुंद फोटोला 300 डीपीआयने (म्हणजे इंचाला 300 ठिपके) 900 पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लॅमिनेशन कागदाच्या कडेला लागून कापू देऊ नका. चहूबाजूंनी 3 मिमी प्लास्टिक राहू द्या, नाहीतर ओल्या फडक्याचं पाणी आत शिरून कार्ड फुगतं.