ड्वार्फ हॅम्स्टरला शुगर झालीय असं वाटतंय, घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की हॅम्स्टर सारखा बाटलीला चिकटून असतो, पिंजऱ्याचा एक कोपरा कायम ओला, अंगानं वाळत चाललाय, आणि घरात आजींचं इन्सुलिन आहे ते थोडं देऊ का. नका देऊ, प्लीज. आपल्याकडच्या साध्या इन्सुलिनच्या बाटलीत एका एमएलला 40 युनिट असतात आणि तुमचा जीव असेल जेमतेम 40 ग्रॅमचा, सिरिंजवरची एक रेघ पण त्याला भारी पडते, शुगर एकदम खाली जाऊन झटके येतात.

आधी खरंच शुगर आहे का ते बघा, कारण सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पाणी जरा जास्त जाणारच. साधा हिशोब म्हणजे 100 ग्रॅम वजनाला दिवसाला 10 एमएल, म्हणजे तुमच्याला 4 च्या आसपास. बाटलीवर मार्करनं रेघ मारा, खाली वाटी ठेवून गळत नाही ना ते बघा. रोजच दुप्पट-तिप्पट जात असेल तर मेडिकलमधून लघवीच्या स्ट्रिप आणा, ग्लुकोज आणि कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की लघवीत येतं ते) दोन्ही दाखवणाऱ्या. संध्याकाळी तो उठला की कोरड्या स्वच्छ डब्यात बेडिंग न टाकता सोडायचा, उठल्यावर बहुतेक लगेच करतो, त्या थेंबाला स्ट्रिप टेकवायची आणि पाकिटावरच्या रंगाशी जुळवायची. दोन-तीन दिवस ग्लुकोज दिसलं तर शुगर धरून चला. कीटोन दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर, थांबायचं नाही.

खाण्याचं म्हणाल तर डाळिंबाचे दाणे बंद, आपल्या घरात ते असतातच आणि पोरं कौतुकानं देतात. गाजर, मका, मध किंवा मोलॅसिस घातलेल्या स्टिका पण बंद. सूर्यफुलाच्या बिया एखाद-दुसरी. पेलेट, म्हणजे हॅम्स्टरच्या तयार खाण्याच्या गोळ्या, मुख्य, सोबत काकडीचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चिमूटभर. बदल आठवडाभरात हळूहळू करा, आणि उपाशी तर अजिबात ठेवू नका. आणखी एक, त्याच्या घरट्यात हात घालून बघा, आमच्याकडच्याला शुगर होती तेव्हा खाणं बदलूनही स्ट्रिपचा रंग हलेना, शेवटी कागदाच्या ढिगाखाली जुन्या बियांचा साठा सापडला, तो काढला तेव्हा कुठं फरक दिसायला लागला. मेथीदाणे बरेच जण देतात, एक-दोन दाण्यांनी बिघडत नाही, पण ते औषध समजू नका.

यात तुमचा दोष नाही बरं का. कॅम्पबेल जातीच्या ड्वार्फमध्ये हे रक्तातच असतं, चायनीज हॅम्स्टरमधला आनुवंशिक डायबिटीस तर 1959 मध्येच नोंदवलाय. म्हणून याची पिल्लं काढू नका.

आपल्या भागात बहुतेक डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्री बघतात, तेव्हा जायच्या आधी फोनवर विचारा की हॅम्स्टर बघता का. नसतील बघत तर पुण्यात एक्झॉटिक, म्हणजे हॅम्स्टर-ससे-पक्षी असे वेगळे पाळीव प्राणी, बघणारे आहेत, आधी स्ट्रिपचे फोटो आणि पाण्याचे आकडे पाठवा, न्यायचंच झालं तर ऊन चढायच्या आत निघा. डोळ्यात पांढरट ढग दिसला तर तेही सांगा, शुगरमध्ये मोतीबिंदू होतो.