‘नाइन्टीन एटी-फोर’मधील राजवट आणि आजची लोकशाही सरकारे यांत फरक उरला आहे का?

चौकाचौकांत कॅमेरे आहेत आणि फोनवरील संभाषण ऐकण्याचा अधिकारही सरकारकडे आहे. मग जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ सालच्या या कादंबरीतील राजवट आणि आजची लोकशाही सरकारे यांत फरक तो कोणता, असे आपण विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. पाळत लोकशाही देशांतही ठेवली जाते आणि खिशातला फोन कादंबरीतल्या टेलिस्क्रीनपेक्षा, म्हणजे घरात बसवलेल्या, पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या पडद्यापेक्षा, आपल्याविषयी कितीतरी अधिक जाणतो, हे मी आधीच मान्य करतो. परंतु केवळ पाळतीवरून तुलना केली, तर त्या राजवटीचा गाभा हाती लागत नाही, असे माझे मत आहे.

कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ हा हेर नाही की पोलीस नाही. तो सत्य मंत्रालयाच्या दफ्तर विभागात बसून वृत्तपत्रांचे जुने अंक ‘दुरुस्त’ करणारा कारकून आहे. चॉकलेटचे रेशन ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर आणायचे ठरते, पण कपात होणार नाही असे आश्वासन आधीच छापून गेलेले असते; तेव्हा तो ते काढून त्या जागी, कपात करावी लागण्याची शक्यता आहे, असा इशारा घालतो आणि मूळ कागद भिंतीतल्या फटीतून भट्टीत जातो. जेमतेम एक दिवस उलटतो, तोच रेशन २० ग्रॅमपर्यंत ‘वाढवल्याबद्दल’ आभाराचे मोर्चे निघाल्याची बातमी येते. शिवाय तिथे रोजनिशी लिहिणे बेकायदा नाही, कारण कायदेच नाहीत. शिक्षा मात्र मृत्यूची किंवा किमान २५ वर्षांच्या सक्तमजुरीची. म्हणजे कालची नोंद नाही आणि आज बोट ठेवून दाखवता येईल असे कलमही नाही.

आता आपल्याकडील सर्वांत वाईट काळ घ्या. आणीबाणीत (२५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७) वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधक तुरुंगात गेले, आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने, स्थानबद्ध व्यक्तीला आपल्या अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल दिला. तो एक म्हणजे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना, त्यांना डावलून पुढच्याच वर्षी कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले. तरीही त्यांचे विरोधी मत बहुमताच्या निकालाशेजारीच छापलेले राहिले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चा तो निकाल स्पष्टपणे रद्दबातल ठरवला. यासाठी ४१ वर्षे लागली, ही गोष्ट मला मुळीच भूषणावह वाटत नाही. पण जुना निकाल कोणी भट्टीत टाकला नाही. तो चुकीचा ठरवावा लागला, आणि त्यासाठी तो आधी शिल्लक असावा लागला.

नोंदी नाहीशा करण्याचा मोह लोकशाहीतही होतोच. आणीबाणीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालाच्या प्रती १९८० च्या सत्ताबदलानंतर परत गोळा केल्या गेल्याचे सांगितले जाते. माजी खासदार एरा सेझियन यांनी आपल्याजवळच्या प्रतीवरून तो २०१० साली पुन्हा छापून घेतला. विन्स्टनच्या कपाटात अशी प्रत उरली नसती.

म्हणून मला कॅमेऱ्यांच्या संख्येपेक्षा दोन गोष्टींची अधिक धास्ती वाटते. आपल्याकडे फोन ऐकण्याचा आदेश गृहसचिव देतात आणि तो तपासणारी समितीही सचिवांचीच असते. न्यायाधीशाची सही त्यावर कुठेच लागत नाही, आणि ज्याचा फोन ऐकला गेला त्याला तसे कळवण्याची तरतूदही नाही. ही नोंद असूनही नसल्यासारखीच. दुसरी गोष्ट माहिती अधिकाराची. व्यक्तिगत माहितीचे कारण देऊन कागद नाकारणे २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यात केलेल्या दुरुस्तीने अधिक सोपे केले आहे, आणि मुळात कागद मिळवणे कधीच सोपे नव्हते.

गावच्या रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका पाहावी म्हणून मी एका कार्यालयात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज दिला होता. ‘सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. सरकारी मराठीतली ही ओळ ऑर्वेललाही सुचली नसती. मी प्रथम अपील केले. सुनावणीच्या दिवशी तीच पुस्तिका साहेबांच्या टेबलावर होती, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आतले आकडे शाबूत. मला हव्या असलेल्या दोन पानांच्या प्रती चार रुपये भरून मिळाल्या.