गालाची पेशी पहिल्यांदा बघताना

आकृती पाठ करण्याआधी स्वतःची पेशी बघायचं ठरवलंस, हे झकास. टूथपिकच्या बोथट टोकाने गाल आतून हलकेच खरवड. रक्त काढायचं नाहीये! काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरव, वर मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा एकच थेंब. नवखे इथेच चुकतात:

- रंग भसाभस ओततात, मग सगळंच निळं.
- कव्हरस्लिप (वर झाकायची पातळ काच) सपाट टाकतात. तिरकी टेकवून सोड, नाहीतर काळ्या कडांचे बुडबुडे येतात आणि त्यांनाच पेशी समजून आपण खूश. (मीही वहीत काढले होते.)

सूक्ष्मदर्शकातून आधी १०० पट मोठं करून बघ, मग ४०० पट. गडद निळा ठिपका म्हणजे केंद्रक, भोवती फिकट पेशीद्रव्य. पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची टणक भिंत, शोधू नकोस, ती कांद्याच्या पेशीत. तंतुकणिकांची (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक भागांची) रचना या सूक्ष्मदर्शकातून दिसायची नाही. सध्या सोडून दे.